तांबड्या दिव्याचा तंटा



रात्रीच्या वेळीं सायकलवरून जाणाऱ्या माणसाच्या पाठीमागें तांबडा दिवा असावा कीं नसावा, हा प्रश्न आज कोणास पडत नाहीं. असावा, असें शाळेंतलें पोरहि सांगेल. परंतु आजच्या घाटाची सायकल ज्या देशांत जन्मास आली, त्या इंग्लंडांत ह्या एवढ्याशा दिव्यापायीं वर्षानुवर्षें तंटा चालला होता. पार्लमेंटांत कायदे झाले, तडजोडी झाल्या, आणि तो तंटा अखेर मिटला तेव्हां दुसरें महायुद्ध संपत आलें होतें. ह्यांत नवलाची गोष्ट अशी कीं, दिवा नको म्हणून भांडत होते ते मोटारवाले नव्हते. खुद्द सायकलवाल्यांची संघटनाच भांडत होती. ज्याचा जीव त्या दिव्यानें वांचावयाचा, तोच त्या दिव्यास विरोध करीत होता. हें असें कां झालें, तें आज सांगावयाचें आहे. वरवर पाहतां हा वेडेपणा वाटेल. पण त्या माणसांची बाजू ऐकून घेतली म्हणजे तितकासा वाटत नाहीं, निदान मला तरी वाटत नाहीं.

गोष्ट पुढच्या दिव्यापासून सुरू करावी लागेल; कारण तो आधीं आला. १८७० नंतरच्या दशकांत इंग्लंडांत जी सायकल चालत असे, तिचें पुढचें चाक माणसाच्या छातीइतकें उंच व मागचें अगदींच लहान असे. स्वार त्या मोठ्या चाकाच्या माथ्यावर बसे. वाटेंत धोंडा आडवा आला कीं गाडी जागच्या जागीं उलटे आणि स्वार पुढच्या पुढें डोक्यावर आपटे. ह्या चमत्कारिक वाहनाला कायद्यांत जागाच नव्हती. घोडा नाहीं, बैल नाहीं. मग ही गाडी म्हणावी कीं नाहीं? १८७९ सालीं एक खटला होऊन न्यायालयानें असा निवाडा दिला कीं, बेफाम गाडी हांकण्याविरुद्ध १८३५ सालचा जो कायदा आहे, त्याच्यापुरती सायकलहि गाडीच होय. सायकलवाल्याला गाडीवानाचा मान मिळाला तो असा आरोपीच्या पिंजऱ्यांत. पुढें १८८८ सालीं इंग्लंडांत स्थानिक स्वराज्याचा कायदा झाला. त्याच्या ८५ व्या कलमानें सायकलीस उघड उघड गाडीचा दर्जा दिला आणि त्याबरोबर दोन बंधनें घातलीं. सूर्यास्तानंतर एका तासापासून सूर्योदयापूर्वीं एका तासापर्यंत गाडीच्या पुढें दिवा लावावयाचा. आणि कोणा गाडीला, जनावराला किंवा पादचाऱ्याला मागें टाकून पुढें जावयाचें झाल्यास आधीं घंटा अगर शिट्टी वाजवून सूचना द्यावयाची.

ह्या दोन बंधनांकडे नीट पाहिलें म्हणजे त्या काळचा रस्ता डोळ्यांपुढें उभा राहतो. दिवा पुढें, घंटाहि पुढच्यासाठीं. मागच्याविषयीं अवाक्षर नाहीं. कां? तर रस्त्यावर सायकलीहून वेगानें जाणारें फारसें कांहीं नव्हतेंच. बैलगाडी, घोड्याची मालगाडी, पायीं चालणारा, मेंढरांचा कळप, ह्या साऱ्यांना सायकलवाला ओलांडून जाई. पाठीमागून कोणी येऊन आपणांस चिरडील, ही भीति त्या कायद्याच्या कर्त्यांना शिवलीच नाहीं. धोका होता तो सायकलवाल्यापासून इतरांना. तेव्हां त्यानेंच आपली वर्दी द्यावी, हें न्यायाचेंच होतें.

दिवेहि त्या काळच्या रस्त्यास शोभतील असेच होते. बर्मिंगहॅमच्या जोसेफ लुकस नांवाच्या कारागिरानें १८८० च्या सुमारास तेलाचा एक दिवा विकावयास काढला. तो मोठ्या चाकाच्या आऱ्यांमध्यें, आंसाला टांगला जाई आणि चाक फिरत असतां आपण मात्र सरळ लोंबत राही. त्याचें नांव ‘किंग ऑफ द रोड’ म्हणजे मार्गाचा राजा! प्रकाश म्हणाल तर देव्हाऱ्यांतल्या समईहून अधिक नसावा. शतकाच्या अखेरीस कार्बाइडचे दिवे आले. खालच्या डबींत कॅल्शियम कार्बाइडचे खडे, वरच्या डबींत पाणी. पाणी थेंब थेंब खड्यांवर पडलें कीं अॅसिटिलीन वायु निघे आणि तो पेटवला म्हणजे लख्ख पांढरी ज्योत मिळे. वास मोठा उग्र, आणि खड्यांची राख रोज काढावी लागे. पण वाट दिसूं लागली. पुढें चाकाला घासून फिरणारा डायनॅमो आला. त्याचा प्रकाश फुकटचा, मात्र चाक थांबलें कीं दिवा विझलाच. चौकांत, म्हणजे जेथें दिसण्याची गरज सर्वांत अधिक तेथें, माणूस अंधारांत उभा राही. अलीकडच्या डायनॅमोंना थोडी वीज सांठवून ठेवण्याची सोय केलेली असते. पण ती यावयास पुष्कळ वर्षें लागलीं.

सायकलहि मध्यंतरीं बदलली. १८८५ सालीं कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्ली ह्यानें दोन्ही चाकें जवळ जवळ सारखीं असलेली, मागच्या चाकास साखळीनें गति देणारी ‘रोव्हर’ गाडी काढली. ह्या जातीच्या गाडीला इंग्रजींत नांवच ‘सेफ्टी’ म्हणजे सुरक्षित गाडी असें पडलें. पाय जमिनीला टेकत, डोक्यावर आपटण्याचें भय उरलें नाहीं. १८८८ सालीं बेलफास्टच्या डनलॉपनें हवेची धांव शोधून काढली. किंमती उतरत गेल्या, आणि विसावें शतक लागल्यावर सायकल श्रीमंतांच्या खेळांतून निघून गिरणींतल्या आणि कचेरींतल्या माणसाच्या हातीं आली. सायकल अशी सुरक्षित झाली न झाली तोंच रस्ता असुरक्षित झाला.

१८९६ सालच्या मे महिन्यांत न्यूयॉर्क शहरांत एका मोटारीनें एव्हलिन टॉमस नांवाच्या सायकलस्वार बाईस धडक दिली व तिचा पाय मोडला. अमेरिकेंतील मोटारीच्या अपघाताची पहिली नोंद म्हणून जी सांगतात ती हीच. सायकलीहून वेगवान असें कांहीं आतां पाठीमागून येऊं लागलें होतें. इंग्लंडांत १९०३ च्या कायद्यानें मोटारीस ताशीं वीस मैलांची मर्यादा घातली होती. १९३० सालीं ती मर्यादा खासगी मोटारींवरून अजिबात उठविली गेली, आणि वस्तीच्या भागांत ताशीं तीस मैलांची नवी मर्यादा आली ती १९३५ च्या मार्चांत. मधलीं चार-पांच वर्षें शहरांतसुद्धां मोटारीनें किती वेगानें जावें ह्याला कायद्याचें बंधनच नव्हतें. श्रोत्यांनीं हीं वर्षें ध्यानांत ठेवावींत. तंट्याला खरा रंग चढला तो ह्याच सुमारास.

मोटारवाल्यांचें म्हणणें सरळ होतें. अंधाऱ्या रस्त्यावर काळ्या कोटांतला सायकलवाला आम्हांस दिसत नाहीं. त्यानें मागें तांबडा दिवा लावावा. ह्यावर सायकलस्वारांची जुनी संस्था, १८७८ सालीं स्थापन झालेली ‘सायक्लिस्ट्स टूरिंग क्लब’, हटून बसली. तिचें पहिलें म्हणणें असें कीं, गाडी हांकणारानें आपल्या दिव्यांच्या उजेडांत जेवढें अंतर दिसतें तेवढ्यांत थांबतां येईल इतक्याच वेगानें गाडी हांकावी. वाटेंत पडलेलें झाड दिवा लावीत नाहीं; गाय लावीत नाहीं; पायीं चालणारा मजूर लावीत नाहीं. सायकलवाल्यानें दिवा लावला कीं मोटारवाल्यास संवय लागणार ती दिवा दिसेल तेव्हांच ब्रेक दाबण्याची. मग ज्यांच्याजवळ दिवा नाहीं त्यांनीं मरावें काय? दुसरें असें कीं, मागचा दिवा पाठीशीं असतो. खड्ड्यांतून गाडी गेली कीं तो विझतो. आणि विझलेला स्वाराला कळत नाहीं. तशांत अपघात झाला तर दोष कोणाचा? ज्याचा दिवा विझला त्याचा! म्हणजे चिरडला जाणाराच कायद्यानें गुन्हेगार ठरावयाचा. आणि दिव्याचा खर्च होता तो वेगळाच. गिरणींत जाणाऱ्या माणसास तोहि थोडा नव्हे.

ह्या युक्तिवादांत एक मोठें सत्य आहे असें मला वाटतें. रस्त्यावर जो जड आणि वेगवान, त्यानें डोळे उघडे ठेवावयाचे. जो हलका आणि दुबळा, त्यानें आपण आहों हें सिद्ध करीत बसावयाचें नाहीं. १८८८ चा कायदाहि ह्याच तत्त्वावर उभा होता. त्या वेळीं वेगवान तो सायकलवाला, म्हणून दिवा आणि घंटा त्याला. आतां वेगवान मोटारवाला झाला. पण ओझें मात्र पुन्हां सायकलवाल्याच्याच माथीं येऊं लागलें. त्याला राग आला तर नवल नाहीं. फक्त एवढेंच कीं, राग रास्त असला तरी त्यानें अंधारांत उजेड पडत नाहीं.

१९२७ सालीं पार्लमेंटनें वाहनांच्या दिव्यांचा कायदा केला आणि त्यांत एक तडजोड काढली: सायकलवाल्यानें मागें तांबडा दिवा लावावा, किंवा तो नको असेल तर तांबडी परावर्तक कांच लावावी. बहुतेकांनीं अर्थातच कांच लावली. ही कांच म्हणजे साधा आरसा नव्हे. आरशावर तिरपा प्रकाश पडला तर तो दुसऱ्याच बाजूस निघून जातो. परावर्तकाची करामत कशी, तें कॅरमच्या पाटावर सहज पाहतां येतें. सोंगटी कोपऱ्याजवळ अशी मारा कीं ती एका कडेला आपटून लागलीच शेजारच्या कडेला आपटेल; दोन्ही कडा काटकोनांत असल्यामुळें ती जिकडून आली त्याच दिशेला परत फिरते. ह्याला तिसरी बाजू जोडली, खोलीच्या कोपऱ्यासारखी, म्हणजे प्रकाश कोठूनहि येवो, तो येणाराकडेच परत जातो. आज सायकलीवर प्लॅस्टिकचे जे परावर्तक असतात, त्यांत असे बारीक बारीक शेंकडों कोपरे शेजारीं शेजारीं पाडलेले असतात. १९६९ सालीं अपोलो ११ च्या अंतराळवीरांनीं चंद्रावर ठेवलेला परावर्तकहि ह्याच तत्त्वावरचा. पृथ्वीवरून सोडलेला लेसरचा किरण तो आजहि पृथ्वीकडे परत धाडतो. सायकलीच्या मडगार्डावरील स्वस्तांतली वस्तु आणि चंद्रावरील उपकरण ह्यांचें गोत्र एक आहे, हें मुलांना सांगितलें म्हणजे तीं मोठीं खूष होतात.

ह्या परावर्तकाची मर्यादा मात्र त्याच्या गुणांतच आहे. त्याचा स्वतःचा उजेड नाहीं. तो उसन्याचा व्यवहार. मोटारीनें प्रकाश दिला तर तो परत करील. तिनें दिलाच नाहीं तर तो काळा पडून राहील. सायकलवाल्यांना तडजोड पटली ती ह्याचसाठीं: दिसण्याचें अर्धें काम मोटारीच्या दिव्यानें करावयाचें होतें.

तडजोडीनें माणसें मरावयाचीं थांबलीं नाहींत. १९३४ सालीं ग्रेट ब्रिटनमध्यें रस्त्यांवर ७,३४३ माणसें मेलीं. त्यांत सुमारें दीड हजार सायकलस्वार होते. त्याच वर्षींच्या कायद्यानें मडगार्डावर मागें पांढरा पट्टा हवा असें ठरलें. आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत, लेस्ली होअर-बेलिशा हे वाहतूकमंत्री असतांना, लंडनबाहेरच्या वेस्टर्न अॅव्हेन्यू ह्या हमरस्त्याकडेला अडीच मैलांची पहिली सायकल-वाट खुली झाली. संघटनेनें तिच्यावरहि आक्षेप घेतला. सायकलवाल्यांना कडेला काढावयाचें आणि उरलेला रस्ता मोटारीस आंदण द्यावयाचा, असा हा डाव आहे, अशी तिची समजूत. वाट अरुंद होती, फांट्याफांट्याला तुटत होती. म्हणून आक्षेप अगदींच पोकळ नव्हता. पण भांडण इतकें विकोपास गेलें होतें कीं, सुरक्षिततेच्या नांवानें समोरून जें येईल त्यांत घातपातच दिसावा.

पुढें जें घडलें तें मोटारवाल्यांनीं घडविलें नाहीं आणि सायकलवाल्यांनींहि नाहीं. १९३९ सालच्या सप्टेंबरच्या पहिल्या तारखेस इंग्लंडांत अंधारबंदीचा अंमल सुरू झाला. जर्मन विमानांना गांव दिसूं नये म्हणून रस्त्यांवरचे दिवे मालवले, घरांच्या खिडक्या काळ्या पडद्यांनीं झांकल्या, आणि मोटारींच्या पुढच्या दिव्यांवर टोपणें घालून उजेडाची केवळ एक बारीक तिरीप खालीं सोडली. हातबत्तीसुद्धां पातळ कागदाची घडी लावून वापरावयाची. शहरें जणु आजीबाईच्या गोष्टींतल्या अमावास्येच्या रात्रींत बुडालीं. त्याचा परिणाम आंकड्यांत पहा. १९३८ च्या सप्टेंबरांत रस्त्यांवर ५५४ माणसें मेलीं होतीं. १९३९ च्या सप्टेंबरांत १,१३० मेलीं. इंग्लंडावर बाँबवर्षाव सुरू व्हावयास अजून पुष्कळ अवकाश होता. राजाच्या शल्यविशारदांपैकीं विल्फ्रेड ट्रॉटर ह्यांनीं तेव्हां वैद्यकीय नियतकालिकांत अशा आशयाचें लिहिलें कीं, शत्रूचें विमानदल आकाशांत न उडतांच महिन्याला सहाशें इंग्रज मारीत आहे, आणि त्याला त्यासाठीं एक पैहि खर्चावी लागत नाहीं.

सरकारनें मग चुना हातीं घेतला. पदपथांच्या कडा, रस्त्याकडेचीं झाडें, खांब, मोटारींचे मडगार्ड, सगळ्यांवर पांढरे पट्टे ओढले. बाहेर पडतांना पांढरें कांहीं अंगावर घ्या, निदान हातांत एखादें वर्तमानपत्र धरा, असें लोकांस सांगण्यांत आलें. १९४० च्या फेब्रुवारीपासून वस्तीच्या भागांत रात्रीं ताशीं वीस मैलांची मर्यादा आली. म्हणजे कायदा फिरून १९०३ वर आला. इतकें करूनहि १९४१ सालीं रस्त्यावरील मृत्यु नऊ हजारांवर गेले. त्या देशाच्या इतिहासांत रस्त्यांवर इतकी माणसें दुसऱ्या कोणत्याहि वर्षीं मेलेलीं नाहींत. आणि हें पेट्रोल मोजून मिळत होतें अशा काळांत!

ह्या अंधारांत त्या तांबड्या कांचेचें काय झालें? तिचा तर सारा संसार उसनवारीचा. ज्याच्याकडून उजेड घ्यावयाचा त्या मोटारीचाच डोळा आतां झांकलेला. मडगार्डापर्यंत पोंचेल असा झोत उरलाच नाहीं. कांच मेली. सायकलीला मागें स्वतःचा दिवा असलाच पाहिजे, असा हुकूम युद्धाच्या आरंभींच निघाला, आणि ह्या वेळीं त्यास विरोध करावयास तोंड राहिलें नाहीं. गाडीवानानें दिसेल तेवढ्यांत थांबावें हें तत्त्व खरेंच. पण ज्याला कांहींच दिसत नाहीं त्यानें कोणत्या अंतरांत थांबावें? १९४५ सालीं पार्लमेंटनें सायकलींच्या दिव्यांचा कायदा करून युद्धकाळाचा हा हुकूम कायमचा केला. दिवे रस्त्यांवर परत आले, मोटारींचीं टोपणें निघालीं. पण तांबडा दिवा राहिला तो राहिलाच.

येथें एक उपकथा सांगितल्यावांचून राहवत नाहीं. यॉर्कशायरमधील हॅलिफॅक्स गांवच्या पर्सी शॉ नांवाच्या रस्ते दुरुस्त करणाऱ्या गृहस्थानें १९३४ सालीं रस्त्याच्या मध्यावर बसवावयाच्या एका बटणाचें पेटंट घेतलें. रबराच्या कवचांत कांचेच्या गोलकांची जोडी, खालीं लोखंडी बैठक. मांजराचे डोळे चमकतात तसे तें चमकतें म्हणून त्यास ‘कॅट्स-आय’ म्हणतात. त्यांतील युक्तीची गोष्ट अशी कीं, चाक वरून गेलें म्हणजे रबर दबतें आणि कांच आपोआप पुसली जाते. अंधारबंदींत हीं बटणें फार उपयोगी पडलीं. कारण मोटारींच्या झांकलेल्या दिव्यांची तिरीप खालीं जमिनीवरच पडे, आणि मांजराचे डोळे तर जमिनींतच होते. मडगार्डावरची कांच निरुपयोगी झाली आणि जमिनीवरची उपयोगाची ठरली, तीहि एकाच कारणानें.

कायद्यापुरता तंटा संपला. परंतु दिवा लावला म्हणजे माणूस दिसतोच का, हा प्रश्न मागाहून शास्त्रज्ञांनीं उकरून काढला. त्यांत माझ्या मतें सर्वांत सुंदर काम स्वीडनमधील गुन्नार योहान्सन ह्यांचें. त्यांनीं माणसाच्या सांध्यांवर, म्हणजे गुडघे, घोटे, कोपरें अशा ठिकाणीं, प्रकाशाचे ठिपके लावले आणि बाकी सारें अंधारांत ठेवलें. माणूस स्तब्ध बसला असतां पाहणाराला ठिपक्यांचा अर्थच लागेना; पण तो चालूं लागतांच क्षणार्धांत कळे कीं, हा माणूस आहे. १९७३ सालीं हें प्रसिद्ध झालें. सायकलीच्या पेडलांवर पुढें-मागें पिवळे परावर्तक असतात, त्यांचें महत्त्व ह्यावरून कळेल. एक स्थिर तांबडा ठिपका दूरवरून पाहणारास फाटकावरचाहि वाटेल, उभ्या गाडीचाहि वाटेल. दोन पिवळे ठिपके आळीपाळीनें वरखालीं होऊं लागले कीं मेंदूला विचार करावा लागत नाहीं. तो ओळखतो कीं हे पाय आहेत.

झगझगीत पिवळ्या किंवा नारिंगी जाकिटांविषयीं मात्र पुष्कळांचा गैरसमज असतो. तो चमकता रंग कॅलिफोर्नियांतील स्विट्झर बंधूंनीं १९३० नंतरच्या दशकांत सिद्ध केला. ग्लासगो येथील रेल्वेच्या कामगारांना १९६४ सालीं तसलीं जाकिटें देण्यांत आलीं, आणि तेथून त्यांचा प्रसार झाला. हा रंग सूर्यप्रकाशांतील अदृश्य अतिनील किरण शोषून त्यांचा दृश्य उजेड करतो, म्हणून दिवसां आणि विशेषतः सांजवेळीं तो इतका उठून दिसतो. सूर्य मावळल्यावर त्याची मिळकतच बंद. रात्रीं तो साध्या फिक्या कापडाहून फार कांहीं सरस नाहीं. रात्रीं उपयोगीं पडतात त्या जाकिटावरील रुपेरी पट्ट्या. दिवसाचा रंग वेगळा आणि रात्रीचा पट्टा वेगळा, हें जाकीट विकत घेतांना पाहून घ्यावें.

डेन्मार्कमध्यें ह्या गोष्टी नुसत्या तर्कानें न सोडवितां प्रयोगानें पाहिल्या. ओडेन्स शहरांत २००४ सालीं सुमारें चार हजार सायकलस्वार घेऊन कांहींच्या सायकलींवर दिवसाहि जळत राहणारे दिवे बसविले. त्या गटांत अपघात १९ टक्क्यांनीं कमी झाले. नंतर सुमारें ६,८०० जणांपैकीं निम्म्यांना पिवळीं जाकिटें दिलीं; त्यांच्यांत दुसऱ्या वाहनाशीं वा माणसाशीं टक्कर होऊन झालेल्या दुखापती, सर्व सूट देऊनहि, ३८ टक्क्यांनीं कमी भरल्या. हे आंकडे त्या जुन्या संघटनेच्या पुढाऱ्यांनीं पाहिले असते तर त्यांचें मन वळलें असतें असें वाटतें. पण दुसरी बाजूहि आहे. इंग्लंडांतील बाथ विद्यापीठांत तेव्हां असलेले इयन वॉकर ह्यांनीं निरनिराळे पोशाख घालून सायकल हांकली जात असतां मोटारी किती अंतर ठेवून शेजारून जातात तें उपकरणानें मोजलें. पिवळें जाकीट असो वा साधे कपडे, अंतरांत फरक पडेना. फरक पडला तो एकाच पोशाखानें: ज्यावर ‘पोलीस’ असें लिहिलें होतें आणि चित्रण चालू असल्याची सूचना होती त्यानें! तात्पर्य, मोटारवाल्याला दिसत सारें होतें. दिसणें आणि जुमानणें ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दिव्याचा उपयोग पहिलीपुरता.

दुसरीसाठीं काय करावें लागतें तें डच लोकांनीं केलें. हॉलंडांत १९७१ सालीं रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसें मेलीं. त्यांत चारशेंहून अधिक लहान मुलें होतीं. आपली लहान मुलगी अशा अपघातांत गमावलेल्या व्हिक लांगेनहॉफ नांवाच्या पत्रकारानें १९७२ सालीं एक लेख लिहिला. मुलांची हत्या थांबवा, हें त्याचें शीर्षकच एका चळवळीचें नांव झालें. आईबाप रस्त्यांवर बसले, सायकली आडव्या घातल्या. पुढच्याच वर्षीं तेलाचा तुटवडा पडला आणि मोटारींना कांहीं रविवारीं पूर्ण बंदी झाली. आपले रस्ते मोटारींवांचून कसे दिसतात तें लोकांनीं डोळ्यांनीं पाहिलें. त्यानंतर तेथें रुंद, अखंड, चौकांतहि न तुटणाऱ्या सायकल-वाटा होत गेल्या. १९३४ च्या लंडनच्या वाटेंत जें उणें होतें तेंच ह्यांनीं नेमकें भरून काढलें. आणि हेंहि सांगितलें पाहिजे कीं, हॉलंडांत आजहि रात्रीं दिव्याशिवाय सायकल हांकली तर दंड होतो. वाट मिळाली म्हणून दिवा सुटलेला नाहीं.

आपल्याकडे हा दंडक इंग्रजी अमलांतच आला. पुण्यास तर एके काळीं सायकलींचें शहर म्हणत. हँडलाखालीं नगरपालिकेच्या कराचा बिल्ला, पुढें रॉकेलचा दिवा. दिवा नसला अगर पाठीमागें ‘डबल सीट’ घेतली तर चौकांतला शिपाई चाकांतील हवा सोडून देई, आणि मग गाडी ढकलीत घर गांठावें लागे. पुण्याच्या जुन्या पिढींतल्या प्रत्येकाजवळ ह्याची एक तरी गोष्ट असते. गंमत पहा: शिपाई पाही तो पुढचा दिवा. मागच्याविषयीं फारसा कोणी विचारीत नसे. कारण मागून येणारा तोहि बहुधा सायकलवालाच असे. १८८८ सालचा इंग्लंडचा रस्ता आपल्या पेठांतून पुढें कितीतरी वर्षें नांदत होता. मग स्कूटरी आल्या, त्यांमागून मोटारी आल्या, आणि सायकलवाला अल्पसंख्य झाला. आपल्या शहरांतून हल्लीं सायकल-मार्ग आंखले गेले आहेत. त्यांतल्या पुष्कळांवर गाड्या उभ्या असतात, हें सांगावयास नकोच. सरकारी आंकड्यांप्रमाणें २०२२ सालीं भारतांत साडेचार हजारांहून अधिक सायकलस्वार रस्त्यांवर मृत्यु पावले.

हे कोण असतात? हौसेनें पहांटे निघणारे, डोक्यावर शिरस्त्राण व मागें लुकलुकणारा दिवा असलेले स्वार आपणांस दिसतात, कारण ते दिसण्याची तयारी करून निघालेले असतात. न दिसणारे वेगळे. रात्रपाळी संपवून येणारा कामगार, पहारेकरी, पहांटे वर्तमानपत्रें टाकणारा मुलगा, इमारतींवर काम करणारे परगांवचे मजूर. ह्यांची सायकल बहुधा जुन्या बाजारांतून घेतलेली असते आणि अंगावरचे कपडे मळखाऊ रंगाचे. केंद्र सरकारनें २०२० सालीं सायकलींवरील परावर्तकांच्या गुणवत्तेसंबंधीं हुकूम काढला. पण तो कारखान्यांतून निघणाऱ्या मालाविषयीं. जुन्या सायकलीचें पेडल मोडलें म्हणजे कोपऱ्यावरचा दुरुस्तीवाला जें स्वस्तांतलें पेडल बसवितो, त्यांत पिवळ्या कांचा नसल्या तर विचारणारें कोणी नाहीं.

मी शाळेंत असतांना नववीच्या मुलांकडून सहलीच्या मुक्कामीं एक प्रयोग करवून घेत असें. तो आपणांस घरच्या गच्चीवर किंवा सोसायटीच्या आवारांतहि करतां येईल. अंधारांत चाळीस पावलांवर एक सायकल उभी करावी. हातांत बॅटरी घ्यावी आणि आधीं ती कमरेपाशीं धरून सायकलीवर झोत टाकावा. मग तीच बॅटरी उचलून अगदीं डोळ्याच्या कडेला धरावी. कमरेपाशीं असतां मंद वाटणारा परावर्तक डोळ्याजवळ आणतांच निखाऱ्यासारखा पेटतो, कारण तो प्रकाश जेथून आला तेथेंच परत धाडीत असतो. ज्याचा पेटणार नाहीं त्याचा जवळ जाऊन पहावा. बहुतेक वेळां तो फुटलेला नसतो. कॅरियरला बांधलेल्या पिशवीनें झांकलेला असतो, नाहीं तर त्यावर पावसाळ्यांतल्या चिखलाचा थर बसलेला असतो, आणि तो ओल्या फडक्यानें निघतो.